शस्त्र टाकणारा नायक : ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ आणि समाप्तीचा प्रश्न

१

दीर्घ कथामालिकेच्या अखेरच्या भागाकडे समीक्षा बहुधा संशयाने पाहते. पहिल्या भागाला नवनिर्मितीचे श्रेय मिळते, मधल्या भागाला गुंतागुंतीचे. अखेरच्या भागाच्या वाट्याला मात्र हिशेब चुकते करण्याचे काम येते. ‘स्टार वॉर्स’ या अवकाश-साहसकथेच्या मूळ चित्रत्रयीबाबतही हेच घडले आहे. १९७७ चा पहिला चित्रपट (‘स्टार वॉर्स’) लोकप्रिय चित्रपटाच्या इतिहासातील एक वळण म्हणून अभ्यासला जातो. अर्विन कर्शनर यांनी दिग्दर्शित केलेला १९८० चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ त्यातील अंधाऱ्या सुरामुळे आणि अपूर्णतेमुळे श्रेष्ठ मानला जातो. २५ मे १९८३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झालेला, रिचर्ड मार्क्वंड यांनी दिग्दर्शित केलेला आणि लॉरेन्स कॅस्डन व जॉर्ज लुकस यांनी लिहिलेला ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ मात्र त्रयीतील दुबळा दुवा ठरवला जातो. पहिल्या चित्रपटातील मृत्यु-तारकेची पुनरावृत्ती, अस्वलासारख्या केसाळ इवॉकांचा बालिशपणा, अकस्मात उघड होणारे बहीण-भावाचे नाते हे त्याच्यावरील नेहमीचे आक्षेप होत. ते निराधार नाहीत. तरीही या चित्रपटाच्या शेवटाचे प्रेक्षकमनावरील आकर्षण ओसरलेले नाही. आक्षेप खरे आणि आकर्षणही खरे, असा हा पेच आहे.

या आकर्षणाची काही स्पष्टीकरणे समीक्षेत रूढ झाली आहेत. फ्रेडरिक जेम्सन यांनी ‘स्टार वॉर्स’ची गणना स्मरणरंजनपर चित्रपटांत केली. एके काळी शनिवारी दुपारी पडद्यावर आलेल्या हप्तेवार साहसपटांचा अनुभव तो पुन्हा मिळवून देतो आणि भविष्याच्या वेषात भूतकाळच विकतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. रॉबिन वुड यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात लुकस आणि स्पीलबर्ग यांच्या चित्रपटांवर, ते प्रेक्षकाला पुन्हा बालक बनवून आश्वस्त करतात, असा आरोप ठेवला. दुसऱ्या बाजूला जोसेफ कॅम्बेल यांच्या १९४९ मधील वीरनायकविषयक ग्रंथाचा आधार घेऊन आदिबंधाची भाषा बोलणारे अभ्यासक आहेत. लुकस यांनी कॅम्बेल यांचे ऋण मान्य केल्यामुळे या मताला विशेष बळ मिळाले.

ही तिन्ही स्पष्टीकरणे आपापल्या परीने उपयुक्त असली, तरी त्यांच्यात एक समान उणीव आहे. ती संपूर्ण मालिकेला लागू पडतात; म्हणूनच तिच्या शेवटाविषयी विशेष असे काही सांगत नाहीत. स्मरणरंजन, आश्वासन आणि आदिबंध पहिल्या चित्रपटातही आहेत. अखेरच्या चित्रपटात असे काय घडते, की जे केवळ अखेरीसच घडू शकले असते? हा प्रश्न रचनेचा आहे, आणि त्याचा माग घेतला असता तो नीतीचाही प्रश्न ठरतो.

२

प्रथम अभिज्ञानाचे स्थान पाहणे आवश्यक आहे. पिता-पुत्रांच्या संघर्षकथेत ओळख पटण्याचा क्षण बहुधा अखेरीस येतो. ‘शाहनामा’तील रुस्तुम आपल्या पुत्राला प्राणांतिक जखम करतो आणि मगच सोहराबच्या दंडावरील खूण त्याच्या दृष्टीस पडते. तेथे ज्ञान कृतीनंतर येते आणि त्या विलंबातच शोकाचे बीज असते. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वातील बभ्रुवाहन आणि अर्जुन एकमेकांना ओळखून लढतात. पुत्राच्या हातून पिता पडतो आणि उलूपीच्या मण्याने तो पुन्हा जिवंत होतो. कृती पूर्ण होते. पण तिचा परिणाम दैवी साहाय्याने पुसला जातो.

‘स्टार वॉर्स’मध्ये हा क्षण मधल्या चित्रपटातच येऊन जातो. काळ्या मुखवट्यामागचा डार्थ व्हेडर हाच आपला पिता आहे, हे ल्यूक स्कायवॉकरला १९८० च्या चित्रपटात कळते. कथेची ही दिशा आरंभापासून ठरलेली नव्हती. ली ब्रॅकेट यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या दुसऱ्या चित्रपटाच्या पहिल्या खर्ड्यात ल्यूकचा दिवंगत पिता व्हेडरहून वेगळी व्यक्ती म्हणून अवतरतो. राज्यक्रांतीची कथा कुलकथेत रूपांतरित करण्याचा निर्णय पुढचा आहे. अखेरच्या चित्रपटात ओबी-वान केनोबीला आपल्या आधीच्या कथनाचे समर्थन करावे लागते, सत्य हे दृष्टिकोनावर अवलंबून असते असे सांगावे लागते. या संवादात कथेने स्वतःलाच घातलेले ठिगळ दिसते. पण ठिगळ दिसते म्हणून वस्त्र निरुपयोगी ठरत नाही. ओळख अगोदरच पटल्यामुळे अखेरच्या चित्रपटापुढे एक वेगळेच कार्य उरते. ‘हा कोण?’ या प्रश्नाची जागा ‘हे कळल्यावर काय करायचे?’ हा प्रश्न घेतो.

ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’च्या चौदाव्या प्रकरणात आप्तांमधील घातक कृत्याच्या शक्यतांची प्रतवारी लावली आहे. जाणूनबुजून कृत्य करणे, अजाणता करून मागाहून ओळख पटणे, अजाणता करण्याच्या बेतात असताना ओळख पटून थांबणे, आणि ओळख असूनही कृत्यास उद्युक्त होऊन ते न करणे अशा या शक्यता आहेत. यांतील शेवटच्या शक्यतेला त्याने सर्वांत कनिष्ठ मानले. तिच्यात दुष्ट हेतूचा किळसवाणेपणा असतो, पण दुःखभोग नसतो. म्हणून ती शोकात्म ठरत नाही, असे त्याचे कारण आहे. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ने आपल्या उत्कर्षबिंदूसाठी नेमकी हीच कनिष्ठ ठरलेली शक्यता निवडली आहे. ल्यूकला आपल्यासमोर कोण आहे हे ठाऊक आहे. तो शस्त्र उगारतो, पित्याचा हात तोडतो, अखेरचा घाव घालण्याच्या स्थितीत येतो आणि थांबतो. नाट्यदृष्ट्या निःसत्त्व ठरावी अशी ही घटना या चित्रपटाचा प्राण कशी होते, हाच त्याच्या आकर्षणाचा गाभा आहे.

३

ॲरिस्टॉटलचा आक्षेप खोडून काढण्यासाठी ‘न करणे’ या गोष्टीलाच कृतीचे वजन यावे लागते. त्याची तयारी चित्रपट अगदी आरंभापासून करतो, आणि त्या दृष्टीने पाहिले असता बऱ्याचदा अनावश्यक म्हणून हिणवला गेलेला पहिला भागही अर्थपूर्ण होतो. जब्बाच्या तळावर ल्यूक प्रवेश करतो तो काळ्या वस्त्रांत. पहिल्या चित्रपटातील शेतकरी मुलाची पांढरी वस्त्रे आता नाहीत. दारावरच्या पहारेकऱ्यांना तो हाताच्या केवळ खुणेने, गळा आवळल्यागत, मागे सारतो. ही खूण प्रेक्षकाला ओळखीची आहे. ती व्हेडरची आहे. मित्रांच्या सुटकेच्या आनंदात ती सहज विसरली जाते, पण पुत्र पित्याच्या वाटेवर किती पुढे आला आहे, याची नोंद चित्रपटाने तेथेच करून ठेवलेली असते.

दुसरी तयारी गुरूंच्या संदर्भात होते. साहसकथेत साहाय्यक आणि प्रतिनायक हे परस्परविरुद्ध ध्रुव असतात. व्लादिमिर प्रॉपने रशियन परीकथांच्या अभ्यासात मांडलेल्या भूमिकांच्या आराखड्यात दाता, साहाय्यक आणि खलपुरुष यांची कार्यक्षेत्रे निरनिराळी आहेत. येथे मात्र एका बिंदूवर ही विभागणी कोसळते. ल्यूकने व्हेडरला ठार करावे, असे सम्राटाला वाटते, कारण त्या क्रोधातून त्याला नवा सेवक मिळणार आहे. मरणासन्न योडा पुत्राला पित्याशी सामना करण्यास सांगतो. आणि पित्याला मारणे आपल्याने होणार नाही असे ल्यूक म्हणतो तेव्हा, मग सम्राट जिंकलाच, असे ओबी-वान त्याला बजावतो. हेतू विरुद्ध असले तरी कृत्य एकच आहे. सज्जन आणि दुर्जन दोघेही नायकाच्या हातून त्याच कृत्याची अपेक्षा करतात. ल्यूकचा नकार त्यामुळे केवळ दुष्टाच्या मोहाला दिलेला नकार राहत नाही. तो कथेने आखून दिलेल्या भूमिकेलाच दिलेला नकार होतो. साहसकथेचा नायक प्रथमच साहसकथेच्या व्याकरणाबाहेर पाऊल टाकतो.

तिसरी आणि निर्णायक तयारी खुणेची आहे. पित्याचा हात तुटून पडतो तेव्हा त्या जागी तुटक्या तारा दिसतात. तो हात यांत्रिक आहे. ल्यूक क्षणभर त्याकडे पाहतो आणि मग काळ्या हातमोज्यातील स्वतःच्या हाताकडे. मागील चित्रपटात व्हेडरनेच तोडलेल्या हाताच्या जागी बसवलेला तो हातही यांत्रिकच आहे. प्राचीन कथांमध्ये खूण भूतकाळ सिद्ध करते. ओडिसियसच्या पायावरचा व्रण किंवा शकुंतलेची अंगठी ‘हा तोच’ किंवा ‘ही तीच’ असे सांगते. येथील खूण भविष्याकडे बोट दाखवते. ‘तू हाच होशील’ असे ती सांगते. जन्माने पुत्र ठरलेला नायक कृत्याने पिता होऊ पाहत आहे, हे एका शब्दाविना कळते. पित्याची ओळख मधल्या चित्रपटात पटली होती. अखेरच्या चित्रपटात स्वतःची पटते. त्यानंतरच ल्यूक शस्त्र फेकून देतो आणि आपण जेडाय आहोत, जसा आपला पिता पूर्वी होता, असे सम्राटाला सांगतो.

या त्यागाची किंमत त्याला तत्काळ मोजावी लागते. सम्राटाच्या बोटांतून सुटणाऱ्या विजेने तो तडफडतो. ज्या दुःखभोगाच्या अभावी ॲरिस्टॉटलने ही शक्यता कनिष्ठ मानली, तो येथे कृत्यातून न येता कृत्याच्या त्यागातून येतो. शस्त्र टाकल्याने संकट टळत नाही, उलट ते पूर्णत्वाने कोसळते. म्हणूनच हा त्याग भाबडा वाटत नाही.

या ठिकाणी शीर्षकाचा इतिहासही बोलका ठरतो. काही काळ हा चित्रपट ‘जेडायचा सूड’ अशा अर्थाच्या नावाने जाहीर झाला होता. त्या नावाची भित्तिपत्रकेही छापली गेली होती. प्रदर्शनापूर्वी ‘सूड’ जाऊन त्या जागी ‘पुनरागमन’ आले. सूड हे जेडायचे लक्षण नव्हे, हे त्यामागील कारण सर्वश्रुत आहे. पुनरागमन नेमके कोणाचे, हे मात्र शीर्षक सांगत नाही. आरंभी ते पुत्राचे वाटते. चित्रपट संपता संपता ते पित्याचे असल्याचे ध्यानात येते.

४

सम्राटाच्या दालनातील पुढच्या क्षणांचे सामर्थ्य एका अभावात आहे. पुत्र तडफडत असताना व्हेडर शेजारी उभा आहे. त्याला चेहरा नाही. डेव्हिड प्राउझ यांची देहयष्टी आणि जेम्स अर्ल जोन्स यांचा आवाज यांच्या संयोगातून उभ्या राहिलेल्या या पात्राचा मुखवटा तिन्ही चित्रपटांत कधी हलत नाही. कॅमेरा सम्राटाकडून पुत्राकडे आणि तेथून मुखवट्याकडे जातो. मुखवटा एकदा इकडे वळतो, एकदा तिकडे. काही बदलत नाही आणि तरीही सर्व काही बदलते. चित्रखंडांच्या जुळणीतून निर्विकार चेहऱ्यावर प्रेक्षकच भाव आरोपित करतो, हे कुलेशोव्हच्या प्रयोगांनी दाखवून दिले होते. येथे त्या तत्त्वाला नैतिक परिमाण लाभते. पित्याच्या मनातील द्वंद्व पडद्यावर नसतेच. ते पाहणाऱ्याच्या मनात घडते. त्याला क्षमा करायची की नाही, हा निर्णय व्हेडरने सम्राटाला उचलून खोल गर्तेत फेकण्यापूर्वी प्रेक्षकाने घेतलेला असतो. प्रेक्षकाला शेवटाचा साक्षीदार न ठेवता सहभागी करून घेण्याचे हे कौशल्य या चित्रपटाच्या आवाहकतेचे एक प्रधान कारण मानावे लागेल.

हे म्हणणे पुढील काळातील एका फेरफाराने उलट बाजूने सिद्ध होते. २०११ च्या ब्लू-रे आवृत्तीत याच क्षणी व्हेडरच्या तोंडी नकाराचा उद्गार घालण्यात आला. मूळ चित्रपटात येथे शब्द नव्हते. होते ते जॉन विल्यम्स यांचे संगीत, विजेचा कडकडाट आणि पुत्राचा आक्रोश. रस स्वशब्दाने सांगता येत नाही, तो व्यंग्यच असावा लागतो, हा ध्वनिसिद्धांतातील विचार येथे नेमका लागू पडतो. उद्गाराने व्यंग्य होते ते वाच्य केले. आशयात काहीही बदल न होता अनुभव उणावला, कारण जे प्रेक्षकाचे होते ते पात्राला परत देण्यात आले.

मुखवटा उतरवण्याचा प्रसंग या रचनेचा स्वाभाविक परिपाक आहे. भरताच्या नाट्यशास्त्राने निर्वहणसंधीत अद्भुताची योजना सांगितली आहे. विखुरलेली बीजे एकत्र येऊन फलित होतात तेथे विस्मय असावा, असा त्यामागील आशय. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये विस्मयाची साधने विपुल आहेत. शेकडो यानांची लढाई, रेडवुड वृक्षांमधून सुसाट धावणारी वाहने, स्फोट पावणारी मृत्यु-तारका हे सारे त्या काळच्या चित्रतंत्राचे वैभव होय. परंतु या साऱ्यानंतर चित्रपट आपला अखेरचा विस्मय म्हणून जे पुढे ठेवतो, तो सेबॅस्टियन शॉ या वृद्ध नटाचा फिकट, थकलेला, व्रणांनी भरलेला चेहरा आहे. तीन चित्रपट ज्याची भीती बाळगली, त्या भीतीमागे एक साधा म्हातारा माणूस होता. अद्भुताची साधने अशा रीतीने साधेपणाच्या सेवेस लावणे, ही या चित्रपटाची खरी कलात्मक मिळकत आहे. अवकाशाच्या अमर्याद पटावर सुरू झालेली कथा मुलाने बापाचे डोके हातांत धरण्याइतक्या लहान चौकटीत येऊन थांबते.

५

येथवरचे विवेचन चित्रपटाच्या बाजूने झाले. परंतु या शेवटातील एक विसंगती नजरेआड करता येत नाही. अखेरच्या तासातील कथानक तीन पदरी आहे. एन्डोरच्या अरण्यात हान सोलो, लेया आणि इवॉक संरक्षक कवच बंद पाडण्यासाठी झगडतात. अवकाशात लॅन्डो आणि ॲडमिरल ॲकबार यांचे आरमार लढते. आणि सम्राटाच्या दालनात ल्यूक आणि व्हेडर समोरासमोर आहेत. संकलनाने हे तीन पदर इतके सफाईने विणले आहेत, की ते एकमेकांवर अवलंबून असल्याचा भास होतो. कार्यकारणाच्या दृष्टीने पाहिले तर तसे फारसे नाही. कवच पडते ते अरण्यातील लढाईने, मृत्यु-तारका नष्ट होते ती यानांच्या हल्ल्याने. ल्यूकने पित्याला मारले असते तरी स्फोट झालाच असता, आणि सम्राटही त्यात मेला असता.

हा दोष आहे की गुण? एका अर्थाने तो गुण आहे. ल्यूकच्या त्यागाला युद्धनीतीतील उपयुक्ततेचा आधार नाही. तो विजयाचे साधन नसल्यामुळेच शुद्ध राहतो. परंतु त्याची दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. शस्त्र टाकणे ही राजकीय कृती होऊ शकते काय, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. कारण राजकारणाची तड दुसरीकडे, शस्त्रांनीच लागते. दालनात एका माणसाचा जीव घेणे हे अधःपतन ठरते, त्याच वेळी बाहेर असंख्य माणसांसह एक प्रचंड तळ उडवून देणे हा जल्लोषाचा विषय होतो. ज्याला चेहरा मिळाला त्याला क्षमा मिळते. ज्यांचे मुखवटे उतरले नाहीत ते पांढऱ्या चिलखतातील सैनिक मोजलेही जात नाहीत. प्रेक्षकाला क्षमेचे समाधान आणि संहाराचा आनंद दोन्ही एकाच वेळी मिळतात आणि त्यांतून निवड करण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. रॉबिन वुड यांच्या आक्षेपाचे खरे बळ येथे जाणवते.

क्षमेच्या अधिकाराचा प्रश्नही असाच अनुत्तरित राहतो. १९७७ च्या चित्रपटात ऑल्डरान हा ग्रह नष्ट करण्यात आला, तो लेयाच्या डोळ्यांदेखत. आज्ञा टार्किनची होती, पण तिला धरून उभा होता तो व्हेडर. तिची यातनामय चौकशी करणाराही तोच. अखेरच्या चित्रपटात ती त्याची कन्या असल्याचे तिला कळते. पण हे कळणे तिच्या वाट्याला केवळ माहिती म्हणून येते. त्यातून कृती, विरोध किंवा साधा प्रश्नही उद्भवत नाही. पुत्र क्षमा करतो, कन्येला कोणी विचारत नाही. ज्यांनी सोसले त्यांच्या वतीने दुसऱ्याच कोणी क्षमा करावी, ही कुलकथेची सोय आहे. राज्यक्रांतीची कथा पिता-पुत्रांची कथा झाली, तेव्हा मिळालेल्या उत्कटतेची ही किंमत होय.

तरीही हा चित्रपट विचारप्रणालीचा निव्वळ वाहक होता, असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. १९८३ च्या मार्च महिन्यात अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सोव्हिएत संघाला दुष्ट साम्राज्य म्हटले आणि त्याच महिन्यात क्षेपणास्त्रविरोधी संरक्षणाची योजना जाहीर केली; टीकाकारांनी तिला ‘स्टार वॉर्स’ हेच नाव चिकटवले. दोन महिन्यांनी पडद्यावर आलेल्या या चित्रपटात मात्र यंत्रसज्ज साम्राज्यसेनेचा पराभव करतात ते दगड, दोर आणि ओंडके वापरणारे अरण्यवासी. या कल्पनेमागे व्हिएतनामचा संदर्भ असल्याचे लुकस यांनी पुढे स्पष्टपणे सांगितले आहे. अमेरिकेचा प्रेक्षक ज्या सेनेच्या पराभवाने आनंदित होत होता, ती प्रतिमेच्या पातळीवर त्याच्या स्वतःच्या सेनेच्या जवळची होती. इवॉकांचे गोजिरे रूप हा कलादोष खराच. पण त्याच रूपामुळे हा कडू संदर्भ गिळला गेला. लोकप्रिय कलाकृती एकाच वेळी आश्वस्तही करते आणि आश्वासनाखाली काही दडवूनही ठेवते. तिचा अभ्यास करताना हे दोन्ही वाचावे लागते.

६

समाप्तीचा प्रश्न अखेरीस उरतो. फ्रँक करमोड यांनी १९६७ मधील आपल्या विवेचनात, शेवट हा आधीच्या काळाला आकार आणि अर्थ देतो, असे प्रतिपादन केले. नॉर्थ्रप फ्राय यांनी दुसऱ्या बाजूने असे दाखवले, की अद्भुतरम्य साहसकथा तिच्या प्राथमिक रूपात अंतहीन असते. नायक एका साहसातून दुसऱ्यात जात राहतो, लेखक थकेपर्यंत. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या दोन प्रवृत्तींच्या सीमेवर उभा आहे. साहसकथेला शेवट देण्यासाठी नायकाने साहसाची साखळी तोडावी लागते. शस्त्र टाकण्याचा क्षण म्हणजे ही साखळी तोडण्याचा क्षण. ल्यूक पित्याला मारतो तर तो सम्राटाचा पुढचा सेवक होतो आणि कथा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तो थांबतो म्हणून कथा थांबू शकते. नीतीची गरज आणि रचनेची गरज या एका बिंदूवर एकरूप होतात. या चित्रपटाच्या शेवटाची पकड याच एकरूपतेत आहे.

परंतु ज्या उद्योगातून ही कथा जन्मली, त्याला शेवट परवडणारा नव्हता. १९९७ च्या विशेष आवृत्तीत इवॉकांचे मूळ विजयगीत काढून विल्यम्स यांची नवी रचना घालण्यात आली आणि अनेक ग्रहांवरील जल्लोषाची दृश्ये जोडली गेली. २००४ च्या डीव्हीडीत अखेरच्या छायारूपातील सेबॅस्टियन शॉ यांच्या जागी पूर्वकथेतील तरुण नट हेडन क्रिस्टेन्सन आले. ज्या वृद्ध चेहऱ्याला पुत्राने ओळखले होते, त्याच्याऐवजी पुत्राने कधीही न पाहिलेला चेहरा आता त्याच्याकडे पाहून हसतो. २०१२ मध्ये डिस्नेने लुकसफिल्म विकत घेतली. त्यानंतर २०१५ पासून आलेल्या नव्या त्रयीत साम्राज्याचे वारस पुन्हा उभे राहिले, आणि २०१९ च्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’मध्ये खुद्द सम्राटच परतला. पित्याने पुत्रासाठी केलेले एकमेव कृत्य अशा प्रकारे निष्फळ ठरवण्यात आले. फ्राय यांची अंतहीन कथा करमोड यांच्या शेवटावर मात करून गेली. फरक इतकाच, की येथे थकणारा लेखक उरलेला नाही.

या पार्श्वभूमीवर १९८३ च्या चित्रपटातील एक दृश्य वेगळ्या अर्थाने पाहावे लागते. रात्री अरण्यात सर्वत्र विजयाच्या शेकोट्या पेटल्या आहेत. त्यांपासून दूर ल्यूक एकटा पित्याच्या चिलखताला अग्नी देतो. मुखवटा ज्वाळांत काळवंडतो. या चितेजवळ कोणी नाही. त्या माणसासाठी शोक करणारा साऱ्या विश्वात एकच जण आहे, आणि तो शोक उत्सवात मिसळता येण्याजोगा नाही. मग तो मागे फिरतो आणि मित्रांमध्ये जातो. चित्रपटाने न सोडवलेले सारे प्रश्न या दोन अग्नींमधल्या अंतरात आहेत : क्षमेचा आणि न्यायाचा, घरचा आणि राज्याचा, एकाच्या चेहऱ्याचा आणि अनेकांच्या बिनचेहऱ्याच्या मरणाचा. चित्रपट ते अंतर मिटवत नाही. नायकाला ते चालून जाताना दाखवतो. पुढे कोणी कितीही भाग जोडले, गाणी बदलली, चेहरे बदलले, तरी या चित्रपटाकडे परतणारा प्रेक्षक या अंतरापाशी थबकतो. त्याचे ते थबकणे केवळ स्मरणरंजन नव्हे. बालपणी विजयाची शेकोटी पाहून आनंदलेला तोच प्रेक्षक वय वाढल्यावर चितेकडे पाहू लागतो. समाप्तीचे सामर्थ्य मोजायचे तर दृष्टीच्या या स्थलांतरावरून मोजावे लागेल.